सेन्सॉर सर्टिफिकेट, यू, यूए, ए आणि बाकी सगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉर्टफिल्म करणारी पोरं, पहिलाच सिनेमा अंगावर घेतलेले निर्माते आणि मुलांना घेऊन थिएटरात जाणारे आईबाप, या तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी पोस्ट प्रॉडक्शनवाला माणूस, एडिट, डबिंग, मिक्स हे आमचं काम, आणि सर्टिफिकेटचं त्रांगडं शेवटी आमच्याच टेबलावर येऊन पडतं. वकील नाहीये, तेव्हा कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकील गाठा.

१. सेन्सॉर बोर्ड आणि सीबीएफसी एकच ना?

एकच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यावर चालतं, केंद्र सरकारचं आहे, १९८३ पासून नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झालंय पण लाइनीत सगळे "सेन्सॉरला गेला", "सेन्सॉर झाला" असंच बोलतात, मीही खाली तसंच लिहिणार. मुख्य ऑफिस मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, प्रादेशिक ऑफिसं नऊ, मराठी सिनेमे बहुतेक मुंबईतूनच पास होतात. बोर्ड सिनेमा आहे तसा पास करू शकतं, कट सांगू शकतं किंवा सर्टिफिकेट साफ नाकारू शकतं. थिएटरात तिकीट लावून सिनेमा दाखवायचा तर या दारातून जावंच लागतं.

२. यू, यूए, ए, एस म्हणजे नक्की काय, आणि हे ७+, १३+ कधी आलं?

यू म्हणजे सगळ्यांसाठी. ए म्हणजे १८ पूर्ण झालेल्यांसाठीच. एस म्हणजे डॉक्टर वगैरे ठरावीक पेशाच्या लोकांसाठी, हे इतकं क्वचित दिसतं की विसरलात तरी चालेल. आणि मधलं यूए म्हणजे मुलांनी बघायला हरकत नाही पण आईवडिलांनी आधी विचार करावा. यूए आणि एस १९८३ मध्ये आले, त्याआधी नुसते यू आणि ए, म्हणजे एक तर बाळबोध नाहीतर "फक्त प्रौढांसाठी", अधेमधे काही नाहीच.

नंतर यूए म्हणजे अख्खं गोदामच झालं. ज्यात कोणी कोणाला थप्पडही मारत नाही तो सिनेमा यूए आणि ज्यात वीस माणसं मरतात तोही यूए. २०१३ च्या मुद्गल समितीने आणि मग २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने सांगितलं की वयानुसार फोड करा. झालं ते कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत, आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग आहेत. प्रत्यक्ष नियम मार्च २०२४ मध्ये आले.

३. पोरगा १० वर्षांचा आहे, यूए १३+ ला गेटवर अडवतील का?

कायद्याने अडवायचं कारण नाही. यूएमधले आकडे हे आईवडिलांसाठी सल्ला आहेत, तुम्ही सोबत असाल आणि तुम्हाला ठीक वाटत असेल तर विषय संपला. पण त्याला एकट्याला किंवा नुसता मित्रांबरोबर पाठवताय तर मग आईवडिलांनी ठरवायचं या गोष्टीला अर्थच उरत नाही, आणि थिएटरवाला काही बोलला तर त्याच्याशी भांडू नका.

एक सांगतो, आकडा बघून थांबू नका. १३+ हे भुतामुळे मिळालंय की शिव्यांमुळे की लग्नातल्या छळामुळे, ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही आणि तुमच्या मुलाला यातलं काय झेपत नाही हे तुम्हालाच माहीत. ब्रिटनमध्ये रेटिंगसोबत कारणाची छोटी ओळ असते, आपल्याकडे ओटीटीवर असते, थिएटरच्या तिकिटावर मात्र नसते, ही मला मोठी उणीव वाटते.

४. आणि ए ला? आम्ही दोघं सोबत आहोत, मुलगी सतरा वर्षांची आहे.

नाही. इथे आईवडिलांची परवानगी चालत नाही, आधार कार्डावर १८ पूर्ण नसतील तर नाही म्हणजे नाही. अमेरिकेत आर रेटिंगच्या सिनेमाला १७ च्या आतलं पोर आईबापासोबत जाऊ शकतं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो की आपल्याकडेही तसंच असेल. आपल्याकडे १८ च्या आतल्याला ए दाखवला तर कायद्यात कारवाईची तरतूद आहे, त्यामुळे मल्टिप्लेक्सवाले आयडी मागतात ते उगाच नाही. सिंगल स्क्रीनला काय चालतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

५. सिनेमा बघून निर्णय घेतं कोण?

तुम्ही पोर्टलवर अर्ज करता, फी भरता, संहिता, गाण्यांचे शब्द आणि बाकी कागद देता, मग बोर्ड स्क्रीनिंग लावतं. पूर्ण लांबीच्या सिनेमाला तपासणी समिती बसते, बोर्डाचा एक अधिकारी आणि सल्लागार पॅनलवरची माणसं. ही माणसं समाजातली निरनिराळी, त्यात शिक्षक, वकील, पत्रकार, समाजकार्यातले लोक असू शकतात. आताच्या नियमात किमान एक तृतीयांश बायका हव्यात, शक्यतो निम्म्या.

स्क्रीनिंगला दिग्दर्शकाला आत बसू देत नाहीत. तो बाहेर पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतो आणि आतून हशा ऐकू आला की त्याचा चेहरा खुलतो, मग बराच वेळ शांतता असली की परत पडतो. सिनेमा संपला की समिती आपसात बोलते आणि मग तुम्हाला आत बोलवून सांगते की हे हे सर्टिफिकेट, हे हे बदल. तिथे तुम्ही तुमची बाजू मांडू शकता आणि मांडावीच, कारण "हा शब्द का हवाय" याचं नीट कारण दिलं तर कधीकधी तो राहतो. तोंडघशी पडतात ते हात जोडून फक्त "बघा ना साहेब" म्हणणारे.

६. एजंट लावला तर काम लवकर होतं का?

नियमाप्रमाणे एजंट लागत नाही, अर्ज ऑनलाइन आहे, आणि तारीख खरंच अंगावर आली असेल तर २०२४ च्या नियमांत प्राधान्याने स्क्रीनिंगची सोय अधिकृतपणे दिलेली आहे. तरी मधली माणसं आहेत हे कोणी नाकारत नाही. २०२३ मध्ये तमिळ अभिनेता विशाल यांनी आपल्या सिनेमाच्या हिंदी आवृत्तीसाठी पैसे द्यावे लागल्याचा जाहीर आरोप केला, सीबीआयने गुन्हा नोंदवला. माझं म्हणणं साधं आहे, रीलीजच्या आठवड्यात अर्ज करणारा निर्माता स्वतःच एजंटच्या हातात मान देतो. पोस्टर छापायच्या आधी सेन्सॉरची तारीख मोजा.

७. शिव्या किती चालतात? काही यादी आहे का?

अधिकृत यादी नाही. २०१५ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी, पहलाज निहलानी यांनी, नको असलेल्या शब्दांची यादी काढली होती, तिच्यावर इतका गदारोळ झाला, खुद्द बोर्डातूनही, की ती बाजूला ठेवावी लागली. त्याच सुमारास मुंबईच्या एका गायकाच्या गाण्यातल्या "बॉम्बे" शब्दावर बीप मारायला सांगितलं होतं, शिवी नाही बरं का, शहराचं जुनं नाव.

आहेत ती मार्गदर्शक तत्त्वं, १९९१ ची, आणि ती मोघम आहेत, म्हणजे अभिरुचीला धक्का बसू नये, अश्लीलता नको, स्त्रियांची हेटाळणी नको. अमेरिकेत निदान मोजमाप आहे, तिथली ती सुप्रसिद्ध शिवी पीजी-१३ मध्ये, म्हणजे तिथल्या यूएसारख्या रेटिंगमध्ये, साधारण एकदा खपते, त्याहून जास्त झाली की आर. आपल्याकडे मोजणी नाही, समितीवर आहे. अनुभवाने सांगायचं तर "साला", "हरामखोर", "च्यायला" यावर यूएमध्ये सहसा कोणी अडत नाही. आईबहिणीवरच्या यूएमध्ये जवळजवळ नाहीतच, म्यूट करायला सांगतात. ए मध्ये राहतात, पण तिथेही म्यूट झालेल्या पाहिल्यात.

म्यूट करायचं की शब्द बदलायचा यावर प्रश्न १२ मध्ये लिहिलंय.

८. मारामारी आणि रक्ताचं गणित काय?

एक सीन धरू. रात्रीची वेळ, गल्ली, चौघं एकाला गाठतात, हातात कोयते. यू पाहिजे असेल तर कोयता निघाला की पुढचा शॉट थेट सकाळचा, टपरीवर लोक कुजबुजतायत, कोणाचा चहा तसाच राहिलाय. यूए १३+ साठी पाठमोरी माणसं, हात वर जाणं, आवाज, भिंतीवर सावली, नंतर रस्त्यावरचा डाग. १६+ ला वार लागलेला दिसतो, रक्त उडतं, पण जखमेचा क्लोजअप नाही आणि पाच वारांच्या जागी दोन. सगळंच दाखवायचं, तडफडणं, जखम, आतडी, तर ए.

हा माझा अंदाजपंचे हिशोब आहे, बोर्डाने कुठे असा लिहून दिलेला नाही. बोर्ड संदर्भही बघतं: मारणारा नायक आहे का, खून मस्त वाटतोय का, स्लो मोशन आणि ढोलताशे लावून कोयत्याची आरती चाललीय का. कट लिस्टमध्ये बऱ्याचदा "हा शॉट ५० टक्के कमी करा" असं येतं आणि मग आम्ही फ्रेम मोजत बसतो. आवाज तर लोक विसरतातच, मांसात पातं घुसल्याचा इफेक्ट दोन डेसिबल खाली आणला की तोच सीन निम्मा सौम्य वाटतो, चित्राला हातही न लावता.

शेवट बदलायला लावल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे शोले, १९७५. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, पण माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे आणीबाणीच्या दिवसांत चालेना, म्हणून पोलीस येऊन थांबवतात असा शेवट शूट करावा लागला आणि पिढ्यानपिढ्या आपण तोच बघितला.

९. किस, बेडसीन?

किसवर बंदी नाही, पण त्याची लांबी मोजली जाते. २०१५ च्या बाँडपटात किस निम्मे केले होते, २०२५ च्या सुपरमॅनमध्ये पण यूए १३+ देताना किसला कात्री लागली आणि त्यावर लोकांनी भरपूर टर उडवली. माणसं उडवून लावलेली चालतात आणि चुंबन अडतं, हे मला कधी पटलं नाहीये.

ओपनहायमर अजून गमतीशीर. अमेरिकेत आर, आपल्याकडे यूए. तिकडे उघडी असलेली नायिका इकडे कॉम्प्युटरवर काढलेल्या काळ्या कपड्यात. म्हणजे सर्टिफिकेट आधी ठरलं आणि चित्र त्याला बेतून शिवलं.

१०. सिगरेट, दारू, प्राणी... यांचे नियम सेन्सॉरचेच का?

नाही, हे दुसऱ्या खात्यांचे, पण त्यांच्या कागदांशिवाय सेन्सॉर पुढे सरकत नाही.

सिगरेट तंबाखू विरोधी कायद्यात येते. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची जाहिरात, २० सेकंदांचा डिस्क्लेमर आणि पडद्यावर धूर दिसतोय तोवर खाली पट्टी. या पट्टीपायी अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलनने २०१३ मध्ये आपला सिनेमा भारतात लावलाच नाही. सप्टेंबर २०२३ पासून हे ओटीटीलाही लागू आहे. दारूला इतकं काटेकोर नाही, पण पिणं भारी वाटेल असं दाखवू नका असं तत्त्व आहे आणि डिस्क्लेमर टाकायची पद्धत पडलीये.

प्राण्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी, आणि ती शूटच्या आधी. सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. बैलगाडा शर्यतीचा सीन गावात जाऊन हौसेने शूट केला, दिसतोय झकास, आणि कागद नाही, मग अख्खा सीन अडकतो. बैल सीजीआयचा, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला असेल तर तसं दाखवून द्यावं लागतं.

११. निर्माते ए ला एवढे का घाबरतात? ए वाले सिनेमे तर तुफान चालतात.

चालतात ना, कबीर सिंग, द कश्मीर फाइल्स, ॲनिमल, सगळे ए. पण त्या सिनेमांचं गणित तुमच्या मराठी सिनेमाला लागू होत नाही.

मराठी सिनेमा बघायला घर येतं. आजी, दोन पोरं, आईबाप, पाच तिकिटं. ए लागला की पाचाची दोन होतात किंवा शून्य. दुसरं म्हणजे टीव्ही. केबलच्या नियमांनुसार सगळ्यांना दाखवता येईल तेच टीव्हीवर चालतं, आणि प्रा. प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर ए सिनेमे चॅनेलवरून गायबच झाले. मग करायचं काय, तर ए सिनेमा पुन्हा कापून टीव्हीसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यायचं, २०२३ च्या दुरुस्तीने त्याची आता कायद्यातच सोय केलीये. पण त्याला परत एडिट, परत मिक्स, परत फी, आणि वीस मिनिटं गेलेला सिनेमा चॅनेलवाला कमी पैशात मागतो. ज्या निर्मात्याचा निम्मा भरवसा सॅटेलाइट राइट्सवर, म्हणजे टीव्हीला विकायच्या हक्कांवर असतो तो पहिल्या मीटिंगलाच विचारतो, "फॅमिली बसेल ना?"

१२. म्हणजे सर्टिफिकेट आधी ठरवून मग लिहितात?

सरळ सांगतो, हो. बोर्डाने कापलेलं मोजता येतं, लेखकाने लिहिलंच नाही ते मोजता येत नाही आणि माझ्या मते ते कितीतरी जास्त आहे.

लिहितानाच सुरू होतं. बलात्काराचा सीन असेल तर दार बंद होतं आणि बाहेर पाऊस. पोलीस स्टेशन कुठलं ते सांगायचं नाही, पक्षाचा झेंडा असा की कुठल्याच पक्षाचा नाही, खलनायकाचं आडनाव असं शोधायचं की कोणाच्या भावना दुखायला नकोत, मग निम्म्या मराठी खलनायकांना आडनावच नाही, नुसते भाऊ, अण्णा, दादा.

मग शूटला सेफ टेक घेतात. तोच संवाद एकदा शिवी घालून, एकदा शिवी गाळून. शहाणा दिग्दर्शक दोन्ही घेतो, हट्टी दिग्दर्शक एकच घेतो आणि डबिंगला आमच्या गळ्यात मारतो. तिथे मग खरी कारागिरी. पडद्यावर ओठ मिटलेले दिसतात कारण आपल्या ठेवणीतल्या बऱ्याच शिव्या भ किंवा म ने सुरू होतात, तेव्हा बदली शब्दही ओठ मिटणारा हवा, म्हणून भिकारड्या, भामट्या, मेल्या, मूर्खा, फुकट्या असे शब्द शोधत बसायचं, तोही रागाच्या मापाचा पाहिजे, कारण नटाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या आणि तोंडातून "मूर्खा" आलं तर थिएटर हसतं. नाहीच जमलं तर म्यूट. बीप मला आवडत नाही, बीपमुळे शिवी दुप्पट ऐकू येते. म्यूट करताना मागचा पंख्याचा, रस्त्याचा आवाज चालू ठेवायचा, नाहीतर प्रोजेक्टर बंद पडला असं वाटतं.

आणि एक जुना डाव, कापायला म्हणूनच जास्तीचं ठेवायचं. तीन भडक शॉट मुद्दाम ठेवतात म्हणजे समिती ते काढेल आणि जो चौथा हवाय तो वाचेल. कधी लागू पडतो. कधी ते तीन बघून समिती थेट ए लावते आणि मग तुम्ही आणि तुमचा डाव.

१३. सिनेमा किशोरवयीन मुलांसाठीच होता, तरी ए मिळालं. असं कसं?

ओएमजी २, ऑगस्ट २०२३. विषय शाळेत लैंगिक शिक्षण असावं की नाही, म्हणजे प्रेक्षक कोण तर नववी-दहावीची मुलं, आणि सर्टिफिकेट ए, वर पंचवीसहून जास्त बदल. ज्यांच्यासाठी केला त्यांनाच दारात बंदी. तेव्हा १६+ ची सोय अजून अंमलात आलेली नव्हती, आज कदाचित तिथे बसला असता.

बोर्ड तुमचा हेतू विचारात घेतं पण मोजतं पडद्यावर काय दिसतं आणि काय बोललं जातं ते. तेव्हा असा विषय असेल तर शब्द शास्त्रीय ठेवा, विनोद शरीरावर करू नका, आणि समितीसमोर कोण प्रेक्षक आहे हे कागदावर मांडून न्या.

१४. जात, इतिहास, महापुरुष असले की वेगळे नियम लागतात का?

नियम तेच, ताण वेगळा. २०२५ चा फुले बघा. यू सर्टिफिकेट, म्हणजे सगळ्यांसाठी, आणि तरी महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला आणि "तीन हजार वर्षांच्या गुलामी"चा आकडा मोघम करायला सांगितल्याचं बाहेर आलं. काही संघटनांचे आक्षेप होतेच. जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणारा सिनेमा २५ ला आला. जातीवरच्या सिनेमात जातीचं नाव नको म्हटल्यावर उरतं काय, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी विचारला, माझाही तोच आहे.

करता काय येतं, तर पुरावे न्या. प्रत्येक वादग्रस्त वाक्याला पुस्तक, पान, मूळ पत्र. "काल्पनिक आहे" असा डिस्क्लेमर टाकून सुटका होते असं समजू नका, खऱ्या माणसाचं नाव घेतलंत की तो अर्धामुर्धाच चालतो.

१५. बोर्डाचं पटलं नाही तर कुठे जायचं?

आधी पुनरीक्षण समिती, लाइनीत आरसी म्हणतात, नवीन माणसं पुन्हा पूर्ण सिनेमा बघतात. त्यांचंही नाही पटलं तर हायकोर्ट. मध्ये एक अपिलाचं न्यायाधिकरण होतं, स्वस्त आणि बरंच समंजस, लिपस्टिक अंडर माय बुरखाला २०१७ मध्ये बोर्डाने नाकारल्यावर ए तिथूनच मिळालं, पण ते २०२१ मध्ये बरखास्त केलं. आता छोट्या निर्मात्याला थेट हायकोर्टाचा खर्च, म्हणून बहुतेक जण मान डोलावून कट देऊन मोकळे होतात.

लढून जिंकता येतं. उडता पंजाबला १३ जून २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने एका कटवर सोडलं आणि चारच दिवसांत तो लागला. आणि मूळ खटला तर रेटिंगचाच: ख्वाजा अहमद अब्बास यांच्या छोट्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीचे शॉट होते, त्यांना यू हवं होतं आणि बोर्ड ए म्हणत होतं. खटला चालू असतानाच सरकारने यू देऊ केलं, तरी ते तत्त्वासाठी लढत राहिले. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सिनेमाची आधी तपासणी घटनेत बसते. त्यावरच आजही गाडी चाललीये.

१६. पास झाल्यावर एक सीन घातला, किंवा हिंदीत डब केला, तर?

सीन घातला, काढला, गाणं बदललं, काहीही केलं तरी बोर्डाला कळवून सर्टिफिकेटवर नोंद करून घ्यावी लागते. डब केलेली प्रत म्हणजे नवा अर्ज आणि नवं सर्टिफिकेट, मराठीत यूए म्हणून हिंदीत यूएच असं गृहीत धरू नका कारण समिती वेगळी. एकाहून जास्त भाषांत सर्टिफिकेट घेत असाल तर दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी ऑडिओ वर्णन, कॅप्शन वगैरे सोयींचे २०२४ चे नियमही बघून घ्या. थिएटरात लागणाऱ्या ट्रेलरलाही सर्टिफिकेट लागतं.

१७. मग ओटीटीवरचं रेटिंग कोण देतं? आणि माझी यूट्यूबवरची शॉर्टफिल्म?

ओटीटीवाले स्वतःच देतात. २०२१ च्या आयटी नियमांत यू, यूए ७+, १३+, १६+, ए अशीच पायरी आहे (सेन्सॉरला हे आकडे नंतर आले, ओटीटीला आधी), पण तिथे समिती बसत नाही, प्लॅटफॉर्म ठरवतो आणि तक्रार आली तर उत्तर देतो. तरी "ओटीटीवर काहीही चालतं" यावर विसंबू नका, प्लॅटफॉर्मच्या वकिलांची कात्री बोर्डाहून धारदार असते आणि तिच्यावर अपील नाही.

यूट्यूबला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. पण तीच शॉर्टफिल्म राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायची तर त्या वर्षातलं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा डिसेंबरच्या शेवटी धावपळ करू नका.

१८. फेस्टिव्हलला सर्टिफिकेटशिवाय चालतं ना?

चालतं, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेऊन, आणि ती फेस्टिव्हलवाले घेतात. पण सूट देणारं मंत्रालयच असतं हे विसरू नका. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ज्यूरीने निवडलेला रवी जाधवांचा न्यूड मंत्रालयाने यादीतून काढला, ज्यूरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉरने तोच सिनेमा एकही कट न देता ए देऊन पास केला.

१९. सर्टिफिकेट आहे तरी शो बंद पाडले, आता?

हे सेन्सॉरच्या हातात नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये आणि नंतर २०११ मध्ये आरक्षण या सिनेमाच्या वेळी सांगितलंय की पास झालेला सिनेमा धमक्यांच्या भीतीने अडवता येत नाही, बंदोबस्त सरकारने द्यावा. कागदावर एकदम पक्कं. शुक्रवारी सकाळी थिएटरच्या मालकाला काचा फुटण्याची भीती असते, तो शो काढून टाकतो, आणि सोमवारी तुम्ही कोर्टात जाईपर्यंत वीकेंड गेलेला असतो.

२०. नाटकालाही हेच बोर्ड का?

नाही. महाराष्ट्रात नाटकासाठी राज्य सरकारचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, ते संहिता वाचून परवानगी देतं. नाटकावरून सिनेमा केला तर नाटकाची परवानगी दाखवून काही होत नाही, प्रश्न ५ पासून सुरू करा.

२१. जुना सिनेमा पुन्हा लावायचाय, १९९० चं सर्टिफिकेट चालेल?

पूर्वी सर्टिफिकेट १० वर्षांचं असायचं, २०२३ च्या दुरुस्तीपासून कायमचं झालं. जुन्या सिनेमाचा मूळ कागद शोधा, आणि रिस्टोर करताना कापलेला सीन परत जोडला असेल तर तो बदल धरला जातो, प्रश्न १६ बघा.

२२. लंडन आणि न्यू जर्सीतल्या शोसाठी भारताचं सर्टिफिकेट चालतं का?

नाही. ब्रिटनमध्ये त्यांच्या बोर्डाचं, बीबीएफसीचं वर्गीकरण लागतं. पद्मावतला नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी कट न देता १२ए (बाराच्या आतलं पोर मोठ्यांसोबतच) दिलं तेव्हा इथे अजून सिनेमावरून वादच चालला होता. अमेरिकेत रेटिंग ऐच्छिक आहे, बरेच भारतीय सिनेमे तिथे रेटिंगशिवायच लागतात. तिकडे मूळ प्रत द्यायची की इथली कापलेली, हे डिस्ट्रिब्युटरशी करार करतानाच लिहून घ्या आणि दोन्ही डीसीपींच्या, म्हणजे थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतींच्या, फाइलचं नाव वेगळं ठेवा, नाहीतर म्यूट केलेली कॉपी लंडनला आणि शिव्यांची ठाण्याला जाते.